जयसिंगरावांना बोलायचं होतं

जयसिंगराव इंदुरात आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचे. मध्यभारत राज्य नवं नवं झालं, निवडणुका अजून व्हायच्या होत्या, तेव्हा विधानसभेत काही लोक नुसते नेमून घेतले. त्यात ह्यांचं नाव. दारोदार फिरणं नाही, हात जोडणं नाही. मी म्हटलं, "क्यों भिया, आमदारकी प्रसादासारखी वाटतायत का आता?"

हसले नाहीत. "एक पूल मागायचाय," म्हणाले. "तेवढा मिळाला की बस."

पूल गौतमपुऱ्याकडच्या एका नाल्यावर. तिथे त्यांची धाकटी बहीण कमल गाडीबैलांसकट वाहून गेली होती.

पण अडचण रक्तातली. ह्यांच्या पिढ्या होळकरांच्या दरबारात उभ्या राहिलेल्या. चोपदार नाव पुकारेपर्यंत मानकऱ्यानं तोंड उघडायचं नाही, हा रिवाज. विधानसभेत कुठला चोपदार? ज्याला बोलायचं तो आपणच उठतो. अधिवेशन उन्हाळ्यात इंदुरात, थंडीत ग्वाल्हेरला भरायचं; जयसिंगराव पगडी बांधून जायचे आणि वाट बघत बसायचे.

"उठायचं असतं हो," मी सांगितलं.

"न पुकारता? आपल्यात तसं करत नाहीत."

दुपारी घरी सराव. अध्यक्षांची म्हणून वेताची रिकामी खुर्ची मांडायची, तिला मुजरा करायचा, समोर उभं राहायचं. भिंतीतून मला घसा खाकरलेला ऐकू यायचा. मग काहीच नाही. खुर्चीनं 'बोला' म्हणावं म्हणून हे थांबलेले.

शेवटच्या अधिवेशनाहून परतले तेव्हा मी ओट्यावरच होतो. "झालं भाषण?"

"पुकारलं नाही," म्हणाले आणि आत गेले. मग निवडणुका झाल्या, नेमलेल्यांच्या जागी निवडून आलेले लोक बसले. पावसाळ्यात जयसिंगराव तापानं गेले.

तेरावं उरकलं, आणि भरदुपारी भिंतीपलीकडे घसा खाकरला. दुसऱ्या दिवशीही. त्यांच्या बायकोला, आनंदीवहिनींना, सर्दी झाली असेल म्हणून मी बायकोबरोबर काढा धाडला. ती भरलं भांडं घेऊन परत आली. "वहिनींना खोकला नाहीये," म्हणाली.

मग मीच गेलो. वहिनींनी खुर्ची मांडूनच ठेवली होती.

"मी बसून बघितलं. माझ्यासमोर ते बोलत नाहीत. तुम्ही बसा."

"मला अध्यक्ष करता काय? माझी नेमणूक कुणी केली?"

"मी केली. बसा."

बसलो. समोर कुणी नव्हतं, पण जाजम दोन पावलांएवढं दबलेलं होतं. तिथूनच घसा खाकरला. माझी सवय वाईट, भीती वाटली की थट्टा सुचते. चोपदाराच्या सुरात पुकारलं, "जयसिंगराव, बोला."

आवाज त्यांचाच, पण पाण्याखालून आल्यासारखा. "एक पूल पाहिजे. कमल पलीकडे उभी आहे. पाणी उतरत नाही."

वहिनींनी पदर तोंडाशी धरला. मला दुसरं काय सुचणार? मी म्हटलं, "मंजूर."

जाजमाची दबलेली जागा हळूहळू वर आली.

तेव्हापासून वहिनींकडे सगळं शांत आहे. त्यांची दुपारची झोपही परत आली. पण मंजुरी ज्यानं दिली, विचारणार त्यालाच ना. आता घसा माझ्या ओट्यावर खाकरतो. मी आतूनच सांगतो, "काम चालू आहे, भिया."

बायको म्हणते, गेलेल्या माणसाशी खोटं बोलू नये. म्हणून परवा गौतमपुऱ्याकडे जाऊन तो नाला बघून आलो.

बराच रुंद आहे.