कपडा छोडो, खंबा पकडो

मंडपाच्या धंद्यात किस्से शोधाले जा लागत नाही राजेहो. वादळ येते, कापड घेऊन जाते अन् किस्सा ठेवून जाते. रिसोडात रशीदचाचाच्या हाताखाली मी वीस-बावीस वर्षं खांब गाडून राह्यलो. लोक गारपीट, वादळ सनावर ध्यानात ठेवतात, आमी लग्नावर ठेवतो. जाधवाच्या पोरीची गारपीट, गुरुजीच्या पोराचं वादळ, असं आमचं चालते.

चाचा एकच गोष्ट छाती ठोकून सांगे, "माह्या मंडपातून बिनलग्नाची वरात वापस गेली नाही. आभाळ फाटू दे, लग्न लागते." गावात पक्क्या स्लॅबचे हॉल झाले, लोक मंडपाले नाकं मुरडाले लागले. चाचाजवळ ही एवढीच इज्जत उरली होती.

आमच्यासाठी त्याचा नियम वेगळा. वारं सुटलं की चाकू घ्याचा अन् दोऱ्या कापाच्या. कापडात हवा भरली तं खांब उपटून पाव्हण्याच्या डोक्यात येतात. "कपडा छोडो, खंबा पकडो!" हे त्यानं आमच्याकून पाठ करून घेतलं होतं.

पण गजानन नवा होता. गुरुजीच्या पोराचं लग्न, मंगलाष्टकाले दहा मिनटं बाकी, अन् तिकून धूळ उठली. चाचा बोंबलला. गजाननाले वाटलं, एवढं चांगलं कापड, जाऊ कसं द्यावं? त्यानं कोपरा दोन्ही हातानं धरला. कापड उठलं, त्याच्यासंग गजाननबी उठला अन् बाजूच्या गोठ्याच्या टिनावर जाऊन बसला. आमी घाबरलो. कंबर चोळत तो उठून उभा राह्यला, तसं चाचानं खालून इचारलं, "गजानन, तिकून दिसते का रे, कापड कोणत्या अंगाले गेलं?"

लग्न उघड्यावर लागलं, चाचाचं बोलणं खरं राह्यलं.

कापड गेलं होतं केनवडच्या रस्त्याले, सदाभाऊच्या वावरात. दुसऱ्या दिवशी आमी आणाले गेलो. सदाभाऊची शिजवलेली हळद वाळत पडली होती, अन् आमचं अस्तर लावलेलं झकपक कापड तिच्याखाली अंथरून त्यानं चारी बाजूनं गोटे ठेवले होते.

"कापड आमचं हाय," मी म्हणलं.

"असंन," सदाभाऊ म्हणे. "मी आणाले आलो होतो का? हळद वाळल्याबिगर हे हालत नाही."

मले राग आला. चाचा मात्र बांधावर बसला, हळदीचं एक बोट मोडून पाह्यलं अन् म्हणे, "राहू दे. पण पोराचं लग्न जमलं की मले फोन करजो. मंडप आपलाच." सदाभाऊ हाव म्हणे. पंधरा दिवस आमी दुसऱ्या कापडावर धंदा केला.

जाधवाच्या पोरीची गारपीट तं निरा तमाशा होती. पंगत बसली अन् लिंबाएवढ्या गारा सुरू. ज्याले जे भेटलं ते त्यानं डोक्यावर घेतलं. दोन्ही विहिणी प्लास्टिकच्या खुर्च्या डोक्यावर उलट्या धरून एकमेकीले "जेवल्या का?" इचारून राह्यल्या होत्या. आमचं कापड चाळणी झालं. नवरीचा आजा पाटावरून उठला नाही. ताटावर पत्रावळ झाकली, आजूबाजूले साचलेला गारांचा ढीग पाह्यला अन् म्हणे, "मठ्ठ्यासाठी बरफ आणाले माणूस गेला ना रिसोडले? त्याले फोन लावा, वापस बोलवा."

उन्हाचंबी आयका. एका वैशाखात नवरदेवाचा घोडा मंडपातल्या मोठ्या कूलरसमोर येऊन उभा राह्यला. ओढलं, चुचकारलं, चणे दाखवले. हालाले तयार नाही. शेवटी नवरदेव पायदळ मारुतीले जाऊन आला. चाचा आमाले म्हणे, "कोणी त्याले हात लावू नका. साऱ्या लग्नात अक्कल त्यालेच हाय."

फाटलेलं सारं कापड चाचाची पोरगी रुबीना मशीनवर जोडे. तिले टाका अन् टाका माहीत. ठिगळावर बोट ठेवून सांगे, "ही जाधवाची गारपीट. हे गजाननकाकाचं विमान." गजानन लाजून बिडी पेटवे.

मागच्या दिवाळीत तिचाच निकाह ठरला, उन्हाळ्यातला. व्याही हाजीसाब मेहकरचे. ते म्हणे, "हॉल घ्या. हवापाण्याचा काय भरोसा?"

"पोरगी मंडपवाल्याची हाय," चाचा म्हणे. "ती हॉलमधून गेली तं मी उद्या लोकाले कोणतं तोंड दाखवू?"

हाजीसाबबी पक्के. "ठीक. पण मंडप उडाला तं आमी वरात उठवून हॉलवर नेऊ. मग बोलू नका."

रुबीनानं सहा महिने बसून नवं कापड शिवलं. हिरवं, कडेले सोनेरी पट्टी. गुरुजीच्या पोराच्या लग्नाचा मंडप जिथं होता, त्याच मैदानात आमी ते चढवलं. काझीसाब बसले, अन् तिकून धूळ उठली.

आमी चाकू घेऊन चाचाकडं पाह्यलं. चाचा बोंबललाच नाही. मोठी दोरी दोन्ही हातानं धरून गुमान उभा. कापड फुगलं, खांब करकर वाजाले लागले. मले त्याच्याकडं पाह्यवेना. बावीस वर्षांत मी त्याले असं कधी पाह्यलं नव्हतं.

"चाचा, कापू का?" मी म्हणलं.

"छत गेलं तं वरात उठते, बबन."

तेवढ्यात बायांच्या पडद्याकून रुबीना आली. मेंदीच्या हातात शिलाईची कैची. "अब्बा, कपडा छोडो."

"बेटा, हे लोक उठून जातील."

ती पाव्हण्याकडं वळली. "जिनको हॉल जाना है, जाओ. निकाह यहीं होता. मैंने सिया, मैंच काटती." अन् कच्चकन दोरी कापली. मग आमी बाकीच्या कापल्या. हिरवं कापड एकदा आमच्यावर सावली धरून गेलं ते गेलंच.

पाऊस सुरू झाला. हाजीसाब उठले, वरातबी उठली. नवरदेव उठला, चार पावलं चालला अन् त्यानं हलणारा खांब कवटाळला. त्याले पाहून गजाननानं एक धरला. मग नवरदेवाच्या भावानं धरला. काझीसाबवर कोणीतरी परात धरली. रुबीना हातातली कैची न ठेवताच "कबूल" म्हणाली. नवरदेव खांबाले मिठी मारून तीनदा म्हणाला. हाजीसाब ओलेचिंब झाले, मग त्यायनंबी येऊन एक खांब धरला.

चाचा रडून राह्यला होता. पावसात कोणाले दिसलं नसंन, मले दिसलं.

एवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. सदाभाऊ होता.

"चाचा, पोराचं लग्न सोमवारी हाय. कापड वावरात पोचलं. खांब तेवढे घेऊन या."