बोहुमीरची अकरा पावलं

बोहुमीर हान्झ्लिकबद्दल चांगलं लिहायला माझा हात वळत नाही, हे आधीच सांगून टाकते. पण आमच्या मालेनोव्ह गावात त्याच्याबद्दल लिहील असं दुसरं कोणी नाही. बाकीचे नुसत्या टाळ्या वाजवतात.

आमचा क्लब जिल्ह्याच्या सगळ्यात खालच्या गटात खेळतो. त्याच्याखाली फक्त बटाटे. शनिवारी दुपारी सामना असतो, ऐंशी माणसं, चार कुत्री, जाळावर सॉसेज आणि बिअरचं एक पिंप. बोहुमीर आता अठ्ठ्याहत्तरचा आहे. सहकारी शेतीत ट्रॅक्टर चालवायचा आणि क्लबकडून डावीकडे बचावाला खेळायचा. एकोणतिसाव्या वर्षी गुडघा गेला तेव्हा क्लबने त्याच्या हातात मैदानावर रेषा मारायची चुन्याची गाडी दिली. ती त्याने अजून सोडलेली नाही.

सामन्याच्या दिवशी सकाळी सहाला तो मैदानावर असतो. दोन खुंट्या ठोकतो, दोरी ताणतो, आणि ओठ घट्ट मिटून रेषा मारत जातो. मध्ये कोणी गवतावर पाय ठेवला की ओरडतो, “उतर खाली! आत्ता कुठे दव सुकतंय!” काम झालं की रिकामी गाडी ढकलत प्रेक्षकांसमोरून जातो, आणि लोक टाळ्या वाजवतात. दर वेळी. चुना टाकल्याबद्दल.

मी आठ वर्षं शाळेत गेले आणि सव्वीस वर्षं गाई पिळल्या. सरपंच क्रौपाच्या डोक्यात मैदान विकून तिथे गोदामं बांधायचं आलं, तेव्हा वाचनालयात बसून, शब्दकोश शेजारी ठेवून कायदा वाचला तो मी. एकशे चाळीस पत्रं लिहिली. दारोदार हिंडून सह्या गोळा केल्या. फेब्रुवारीच्या थंडीत, दूध काढायच्या स्टुलावर, सरपंचाच्या कचेरीसमोर नऊ दिवस बसले. आवाज गेला, तो महिनाभर आला नाही. पण मैदान वाचलं. त्या संध्याकाळी गाव मैदानावर लोटलं आणि खांद्यावर कोणाला घेतलं? बोहुमीरला! का, तर मैदान जाणार असं वाटत होतं तेव्हाही त्याने एक शनिवार चुकवला नाही म्हणून. अरे, रेषा मारायला मैदान ठेवलं कोणी?

यंदा क्लबला नव्वद वर्षं झाली. अशा दिवशी आमच्याकडे मानाची पहिली किक असते. दोन्ही संघ ओळीत उभे राहतात, बँड थांबतो, आणि ज्याच्यामुळे क्लब टिकला तो माणूस मधोमध ठेवलेल्या चेंडूला पाय लावतो. मग चेंडू परत मध्ये ठेवून खरा सामना सुरू. एक किक, बस. मला ती हवी होती. लपवत कशाला बसू, मी नवे बूट घेतले होते.

सामन्याच्या आठवडाभर आधी क्लबचा अध्यक्ष लुबोर माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. कॉफीत चमचा ढवळत राहिला, साखर घातलेली नसताना.

“द्राहुश, कमिटीने बोहुमीरला ठरवलंय.”

“एकमताने?”

“आता बघ, तू आहेस भांडकुदळ. तो कधी कोणाला वाकडं बोलला नाही.”

“त्याच्या वाटचं मी भांडत होते, लुबोर. म्हणून त्याचं तोंड गोड राहिलं. कॉफी संपव आणि नीघ.”

सामन्याच्या शनिवारी सकाळी मी मैदानावर गेले. का गेले ते विचारू नका, दुखऱ्या दातावर जीभ जातेच. बोहुमीरच्या रेषा झाल्या होत्या, पेनल्टीच्या खुणा राहिल्या होत्या. आमच्याकडे पेनल्टीला ‘अकरा’च म्हणतात, कारण ती गोलरेषेपासून अकरा मीटरवर मारतात. बोहुमीरने रेषेवर टाच ठेवली आणि पावलं मोजत निघाला. अकरावं पाऊल पडलं तिथे भोकाची फळी ठेवली, वर चुना ओतला. झालं. टेप नाही, दोरी नाही. हिवाळ्यात खूण पुसली जाते, वसंतातल्या पहिल्या सामन्याला तो पुन्हा पायांनी घालतो आणि मग बर्फ पडेपर्यंत तिच्यावरच चुना ओततो; यंदा पहिला सामना हाच होता. तिशीत त्याचं पाऊल मीटरभर असेल. पण दोन वर्षांपूर्वी त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय.

माझ्या मनाने कान टवकारले. मी तशीच घरी गेले. माझा नवरा, देव त्याला शांती देवो, गवंडी होता. त्याची पोलादी टेप आणली. बोहुमीर कॉफी प्यायला आत गेल्यावर मोजलं. दहा मीटर तीस.

गाईला जुळी झाल्यासारखा आनंद झाला मला.

मी दुपारपर्यंत गप्प बसले. सामन्याला पंधरा मिनिटं राहिली, माणसं जमली, बँड वाजू लागला, तेव्हा पंचाला गाठलं. पंच म्हणजे पलीकडच्या गावात टपाल वाटणारा तरुण.

“साहेब, जरा ‘अकरा’ मोजून बघता का?” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

माझी टेप घेऊन त्याने दोन्हीकडे मोजलं. मान हलवली. “सत्तर सेंटिमीटर कमी आहे, बाई. दोन्ही खुणा नव्याने घाला. त्याशिवाय मी शिट्टी वाजवणार नाही.”

बँड थांबला. सगळे बोहुमीरकडे बघायला लागले. मी वाट बघत होते.

“तरी मी दोन वर्षं बोंबलतोय, ‘अकरा’ फार जवळून येते म्हणून!” आमचा गोलकीपर ओरडला. “सगळे म्हणायचे, तूच आळशी आहेस!”

“बोहुमीर, पाय धुतल्यावर आटले का रे?” पिंपाजवळून कोणीतरी विचारलं.

बोहुमीरने टोपी काढली, डोकं खाजवलं. “पावलं अकराच टाकली मी,” तो म्हणाला. “मैदान वाढलं असणार.”

हसू फुटलं ते थांबेचना. पाहुण्यांचा कर्णधार तर गवतावर बसला. आणि मग टाळ्या. नव्वद वर्षांत कोणाला मिळाल्या नसतील इतक्या! माझे कान तापले.

बोहुमीर गाडी घेऊन खाली बसला. टेपवरचे आकडे त्याला दिसेनात. “द्राहुश, टेप तुझीच ना? मग धर दुसरं टोक.”

सगळं गाव बघत होतं. नव्या बुटांसकट मी गोलरेषेवर गुडघे टेकले. एक खूण झाली, दुसऱ्या बाजूला गेलो. पंच घड्याळ बघू लागला, तसा लुबोर धापा टाकत आला.

“बोहुमीर, सोड ते! किक मारायचीय!”

“हात चुन्याने भरलेत. आणि हे अर्धवट टाकलं तर पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल.”

लुबोरने इकडेतिकडे पाहिलं. मी मान वर केली. शपथेवर सांगते, आमची नजरानजर झाली. पण त्याने मी गोलचा खांब असल्यासारखं माझ्यावरून पलीकडे पाहिलं आणि हाक मारली, “सरपंच! या हो, तुम्हीच मारा!”

क्रौपा आला. पॉलिश केलेल्या बुटांनी, पोट सांभाळत, त्याने चेंडूला पाय लावला. चेंडू चार हात घरंगळला. फोटो निघाले. मैदान विकायला निघालेल्या माणसाला मानाची किक!

आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून बघत होतो.

“अंगठ्याच्या नखाने मारतोय गाढव,” बोहुमीर म्हणाला.

“तुझ्यामुळे मारतोय.”

“माझ्यामुळे? टेप कोण घेऊन आलं?”

मी टेपचं टोक गोलरेषेवर दाबून धरलं.

त्याने अकरा मीटरवर फळी ठेवली, बरोबर मधोमध. चुना ओतायला डबा उचलला.

“दोन बोटं डावीकडे घे,” मी म्हणाले.

“कशाला? मध्यावर तर आहे.”

“मी सांगते म्हणून.”

त्याने फळी सरकवली आणि चुना ओतला. बर्फ पडेपर्यंत त्या बाजूची ‘अकरा’ दोन बोटं डावीकडे आहे, आणि ती मी घातलेली आहे.