माझ्या गाडीचा कन्व्हर्टर कुणी काढला?

डिचोलीकरांनो, आज माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

इथल्या एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग केल्यापासून माझ्या गाडीत इंजिनचा पिवळा दिवा पेटायचा. गॅरेजवाला दर वेळी मशीन लावून तो घालवायचा आणि म्हणायचा, "सेन्सर आहे, चलता." चार दिवसांत दिवा पुन्हा हजर.

आज फोंड्याला कामासाठी गेले होते. तिथे एका कोल्हापूरकडच्या मेकॅनिकला गाडी दाखवली. त्याने ती वर उचलली आणि मला खाली बोलावलं. "मॅडम, धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टरच नाही बघा. नुसता पाइप वेल्ड करून ठेवलाय. दिवा त्यामुळंच लागतोय."

तशीच परत डिचोलीला आले. गॅरेजवाल्याला कन्व्हर्टर कुठे म्हणून विचारलं. "तो चोक जाल्लो. काडलो म्हूण गाडी धांवता."

"मला विचारलंत?"

"बाय, तुका कितें कळटा? घोवाक धाड."

गाडी माझ्या नावावर, चालवते मी, आणि याला बोलायला माझा नवरा हवा! मी गाडी गॅरेजच्या दारात आडवी लावली आणि किल्ली पर्समध्ये टाकली. "कन्व्हर्टर परत द्या, नाहीतर काढला म्हणून लिहून द्या." अर्धा तास एकही गाडी आत-बाहेर झाली नाही. आतल्या महागड्या धातूसाठी कन्व्हर्टर त्याने कधीच विकला होता. शेवटी सही करून लिहून दिलं. तो कागद घेऊन उद्या पोलिसांत जाणार आहे.

हे गॅरेज मला याच ग्रुपवर सुचवलं होतं. सुचवणाऱ्यांनो, तुम्ही स्वतःच्या गाडीखाली कधी वाकून बघितलंय?