कापूरहोळच्या फाट्यावरची उलटी वळणं

पोराबाळांना वळण लावणारी माणसं आमच्या भागात घरोघर होती. पण भर हमरस्त्याला वळण लावायला निघालेला माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या आत्याचा नवरा होता. आम्ही भावंडं त्यांना आतोबा म्हणायचो. पुणे-सातारा रस्त्याला भोरचा रस्ता जिथे फुटतो, त्या कापूरहोळच्या फाट्यावर एका जांभळीखाली त्यांचं पंक्चर काढायचं दुकान होतं. दुकान म्हणजे वर चार पत्रे, खाली पाण्याचं एक घमेलं, एक हवेचा पंप आणि खांबाला टांगलेल्या जुन्या ट्यूबांच्या माळा. गिऱ्हाइकाची ट्यूब पाण्यात बुडवावी आणि बुडबुडा कुठून येतो हे बघायचं सोडून फाट्याकडे बघत बसावं, अशी त्यांची काम करायची पद्धत. गिऱ्हाईकच शेवटी म्हणायचं, "आवो, ह्यो बगा बुडबुडा, ह्यो!" त्यावर आतोबा म्हणायचे, "दिसला मला. पर त्यो कुठं पळून चाललाय? आदी तो ट्रक कसा वळतोय ते बग."

माणसाची परीक्षा ते वळणावरून करायचे. "सरळ काय, कुनीबी जातंय. वळताना मागं कोन हाय ह्ये बगतो का, तेवढंच बगायचं," असं ते म्हणत. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला सायकलसुद्धा चालवता येत नव्हती. दुरुस्त केलेली सायकल गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायची असली, तर तिचं हँडल धरून ते कामथडीपर्यंत चालत जायचे आणि वाटेत वळण आलं की रिकाम्या रस्त्यावरही हात बाहेर काढायचे.

त्या फाट्याची अडचण मात्र खरीच होती. पुण्याकडून येऊन भोरला जायचं तर उजवीकडे वळावं लागे, म्हणजे साताऱ्याकडून भरधाव येणाऱ्या गाड्यांना आडवं जावं लागे. आम्ही कामथडी-नसरापूरकडची माणसं भोरच्या बाजाराला निघालो, की बैलगाड्या, ट्रक, एस.टी. सगळंच त्या तोंडाशी गोळा होई. मागून कुणी हॉर्न दिला की बैल बुजायचे आणि गाडी रस्त्यात आडवी करून उभे राहायचे. मग अर्धा तास सगळे एकमेकांच्या घराण्याविषयी बोलत बसत.

यावर आतोबांनी जो तोडगा काढला, तो पहिल्यांदा ऐकला की कुणालाही ते वेडे झालेत असंच वाटे. उजवीकडे जाणाऱ्या बैलगाडीनं आधी डावीकडे जायचं! रस्त्याच्या डाव्या कडेला, जांभळीखाली, त्यांनी चुन्याच्या फक्कीनं एक लांब रेघ मारली. बैलगाड्यांनी त्या रेघेच्या आत ओळीनं थांबायचं आणि दोन्हीकडचा रस्ता निवळला की एकामागून एक सरळ पलीकडे भोरच्या रस्त्याला लागायचं. ट्रक आणि एस.टी.साठी रस्त्याच्या मध्यावर दुसरी रेघ, आणि तिच्या टोकाला चुना फासलेला एक जुना टायर. त्याला वळसा घालून मोठ्या गाड्यांनी वळायचं. म्हणजे एकाच दिशेला वळणाऱ्यांच्या दोन रांगा, एक या कडेची, एक मधली.

"उजवीकडं जायचं तर डावीकडं कशापायी जायचं?" हा प्रश्न त्यांना सगळ्या पंचक्रोशीनं विचारला. दरवेळी ते तितक्याच उत्साहानं हातातलं काम टाकून उत्तर देत. "आरं, बैल मधी उभा केला तर हॉर्नला बुजतो. त्याला कडंला सावलीत उभा कर, वाईच दम खाऊ दे. त्याला तरी कुठं घाई हाय?" पावसाळ्यात रेघा वाहून जात आणि पाऊस उघडला की हे पुन्हा फक्कीची पाटी घेऊन हजर. एकदा बांधकाम खात्याच्या एका साहेबांची जीप नेमकी तिथेच पंक्चर झाली. रेघांकडे बघत त्यांनी विचारलं, "हे कुणाच्या परवानगीनं काढलंय?" आतोबा म्हणाले, "पावसाच्या, सायेब. त्यो दर साली पुसतो, म्या दर साली काढतो." साहेब हसले. मग जीपच्या सावलीत बसून त्यांनी सगळी व्यवस्था समजून घेतली आणि कडेची रेघ सासवडकडून येणाऱ्यांची वाट अडवते आहे हेही दाखवून दिलं. आतोबांना इतका आनंद झाला की पंक्चर तसंच ठेवून ते आधी रेघ मागे घ्यायला धावले. साहेबांना जेवणाच्या वेळेपर्यंत तिथंच बसावं लागलं.

घरीही हेच. जेवताना भाकरीचे तुकडे म्हणजे ट्रक, कांद्याच्या फोडी म्हणजे बैलगाड्या आणि पिठल्याचा ओघळ म्हणजे भोरचा रस्ता. स्वयंपाकघरातून दोन बायका एकदम बाहेर आल्या की हे ताटावरून हात वर करून एकीला थांबवायचे. आत्या म्हणायची, "आवो, ह्ये घर हाय, फाटा न्हाई." पण बोलताना ती थांबलेली असायचीच.

सगळ्या वाहनवाल्यांत त्यांना न जुमानणारा एकच होता. वेल्ह्याकडचा तांदूळ भोरच्या बाजारात नेणारा एक मालट्रकवाला. झुबकेदार मिशांचा, भारी आवाजाचा गडी. तो टायरला कधीच वळसा घालत नसे. फाटा आला की ट्रक तिरका घुसवायचा आणि जाता जाता ओरडायचा, "रस्ता सरकारचा, चाक माजं! तुमचं काय?" आतोबा हातात पाना धरून रस्त्याच्या मध्यापर्यंत त्याच्या मागे जायचे. दोघांचं हे भांडण इतकं नेमानं चाले की चहाच्या टपरीवर लोक त्यासाठी थांबत.

अशात माझी आतेबहीण सुमन हिला वेल्ह्याचं स्थळ आलं. मुलगा तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर होता. वडील नव्हते, घरात चुलत्याचा शब्द चाले. मुलगी बघायला पाहुणे यायच्या दिवशी मीही भोरच्या नोकरीतून सुट्टी काढून गेलो होतो. पाहुणे दारात आले, आतोबा पुढे झाले आणि दोघं एकदमच थबकले. मुलाचा चुलता म्हणजे तो ट्रकवाला!

सगळ्यांच्या हातात पोहे आले. मुलगा भला होता. त्यानं सुमनला दोन-चार प्रश्न विचारले, तिनंही हसून उत्तरं दिली. दोघांना पसंत आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं. शेवटी चुलत्यानं बशी खाली ठेवली. "पोरगी आमाला पसंत हाय," तो म्हणाला. "पर एक हाय. ती फक्की बंद झाली पायजे. उद्या आमच्या गावात लोक म्हनतील, ह्येंचा याही रस्त्यात रांगोळ्या घालतो."

मला वाटलं, आता आतोबा उठणार. सुमन पुढे आली आणि म्हणाली, "बाबा, मला न्हाई करायचं लगीन. ऱ्हाऊ दे."

आतोबांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा मुलाकडे. मग इतक्या हळू आवाजात बोलले की तो आवाज त्यांचाच का, असं मला वाटलं. "गप गं. पोरगा मागं बगून वळनारा हाय." आणि चुलत्याला म्हणाले, "सकाळच्याला या फाट्यावर. रेघ दिसायची न्हाई."

सकाळी मी त्यांच्याबरोबर गेलो. भोरचा बाजार होता. त्यांनी खराटा आणि पाण्याची बादली घेतली आणि दोन्ही रेघा घासून काढल्या. टायर उचलून दुकानामागे नेऊन टाकला. मग घमेल्यापुढे येऊन बसले आणि मी पहिल्यांदाच त्यांना रस्त्याकडे पाठ करून बसलेलं पाहिलं.

थोड्या वेळानं बाजाराच्या गाड्या यायला लागल्या. पहिली बैलगाडी फाट्याजवळ आली आणि गाडीवान काही बोलायच्या आत बैल आपणहून डावीकडे वळून जांभळीखाली जाऊन उभे राहिले. दुसरी आली, तीही मागे जाऊन थांबली. रेघ नव्हती, पण ओळ होती. एका गाडीवानानं कासरा ओढून बघितला, तर बैलानं मान फिरवून त्याच्याकडे असं काही बघितलं की त्यानं मुकाट्यानं बिडी पेटवली. तेवढ्यात वेल्ह्याचा तो मालट्रक आला. समोर रस्ता मोकळा, कडेला गाड्या ओळीनं उभ्या. ट्रक रस्त्याच्या मध्यावर येऊन थांबला. चुलता खाली उतरला, ओल्या रस्त्याकडे बघितलं, बैलांकडे बघितलं आणि कमरेवर हात ठेवून मोठमोठ्यानं हसायला लागला.

"याही," तो ओरडला, "रेघ पुसलीत, पर ही बैलं कशी पुसनार?"

आतोबांनी वळून बघितलं. ओळ बघून त्यांचे डोळे भरून आले, पण तोंडानं ते एवढंच म्हणाले, "तिसरी गाडी वाईच भाईर आलीया."

भोरला मांडव पडला. त्रिशरण-पंचशील झालं, सुमन वेल्ह्याला गेली. लग्नात जेवणाच्या पंगती कुठून बसायच्या आणि कुठून उठायच्या, हे दोघा व्याह्यांनी मिळून ठरवलं आणि त्यात निम्म्या लोकांना दोनदा जिलबी मिळाली, निम्म्यांना मिळालीच नाही. कुणाची तक्रार आली नाही.

पुढे काही वर्षांनी आतोबांच्या गुडघ्यांनी दगा दिला. दुकान बंद झालं आणि सुमन आई-वडिलांना वेल्ह्याला घेऊन गेली. मी एकदा मुद्दाम भेटायला गेलो. मागे तोरण्याचा डोंगर, समोर रस्ता. आणि तो रस्ताही तिथंच संपल्यासारखा. आम्ही ओट्यावर बसलो होतो. दुपारची एस.टी. आली, माणसं उतरली, मोकळ्या मैदानात गाडी मागेपुढे होत वळली आणि आली तशी निघून गेली. आतोबांनी मानही हलवली नाही.

"आतोबा, करमतं का हितं?" मी विचारलं.

"का न्हाई करमायचं? सुमन हाय, नातू हाय. जावई सांजच्याला पाय चेपून देतो." त्यांनी रस्त्याकडे बोट दाखवलं. "एकच तर गाडी येती. तिला आडवं कोनच येत न्हाई. म्या काय सांगायचं तिला?"

हे त्यांनी अगदी समाधानानं सांगितलं. तरी गाडीचा धुरळा खाली बसला, रस्ता पार ओस पडला, तेव्हाही ते तिकडेच बघत होते. आत्यानं चहा आणून आमच्यामध्ये ठेवला. त्यांनी कप उचलला, तोही रस्त्याकडे बघतच.