गुडघ्याएवढी मेंदी

झाडवाल्या आपांसमोर नकाशा ठेवला की त्या हिरव्या गोलावर बोट ठेवून विचारायच्या, "इसका नाम क्या?" नाव सांगता आलं नाही की नकाशा परत. बिल्डर असो की बिल्डरचा बाप. एकदा एक सूटबूटवाला आर्किटेक्ट म्हणाला, "मॅडम, ती ग्रीनरी आहे." आपा म्हणाल्या, "ग्रीनरी कौनसी नर्सरी में मिलती, भाई?" आम्ही फायलींमागं तोंडं लपवून हसलो. तो बिचारा घाम पुसत गेला आणि दुसऱ्या दिवशी कडुनिंब, करंज अशी यादीच घेऊन आला.

आपा महापालिकेच्या उद्यान विभागात होत्या आणि मी वाहतुकीच्या बाजूला, ज्युनिअर इंजिनिअर. त्या शहरातल्या शहागंजच्या, मी पिशोर गावचा. आमच्या घरी शेळ्यामेंढ्या, हे कळल्यापासून मला त्यांनी नावानं हाक मारलीच नाही. भर मीटिंगमध्ये "ए शेळीवाल्या, इकडं ये" म्हणायच्या. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी गचांडी धरली असती. आपांनी म्हटलं की बरं वाटायचं.

त्यांच्या निवृत्तीला महिना उरला होता तेव्हा त्या ड्राइव्ह-थ्रू हॉटेलचा प्रस्ताव आला. एका बाजूनं गाडी आत न्यायची, खिडकीतून बर्गर घ्यायचा, दुसऱ्या बाजूनं बाहेर. वाहतुकीचा अहवाल माझा, झाडांचा आपांचा. मी सकाळी अकराला जाऊन गाड्या मोजल्या आणि 'अडचण नाही' असं लिहून मोकळा झालो. आपांनी कागद बघितला. "काय रे, लोकं अकरा वाजता बर्गर खातात व्हय?" संध्याकाळी मला हाताला धरून जागेवर नेलं. रस्ता स्कूटरींनी नुसता फुलला होता. मला तर तोंड वर करून बघवेना.

बाहेर पडायच्या तोंडाशी नकाशात मेंदीचं दाट कुंपण दाखवलं होतं. आपांनी मला माझ्याच गाडीत बसवलं आणि स्वतः त्या कुंपणाच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. "माझ्यामागून येणारी स्कूटर दिसती का?"

"नाय आपा, तुम्हीच दिसताय."

"मैं मेंदी हूँ. अब समझा?"

जन्मभर झाडांसाठी भांडलेली बाई मेंदी नको म्हणत होती. मी चाट पडलो. शेवटी तडजोड झाली, की मेंदी राहील, पण कायम गुडघ्याखाली. "नीट लिही," त्या म्हणाल्या. "नक्शा बढ़ता नहीं, झाड बढ़ता."

आणि मी काय लिहिलं? 'मेंदी लावताना तिची उंची गुडघ्याएवढी असावी.' लावताना! 'कायम' हा शब्द राहूनच गेला. शेळ्यांच्या घरात वाढलेला मी, पाला किती झपाट्यानं वाढतो हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? प्रत्येक कागद दोनदा वाचणाऱ्या आपांनी त्याखाली न वाचता सही केली. म्हणाल्या, "तूने लिखा ना? मग वाचायचं काय."

आपा निवृत्त झाल्या, हॉटेल सुरू झालं. दोन पावसाळ्यांत मेंदी माणसाच्या डोक्यावर गेली. आपांचा फोन आला. मी तावातावानं हॉटेलात गेलो, मॅनेजरला फैलावर घेतलं. त्यानं शांतपणे आमचाच कागद काढला आणि एक फोटो. "साहेब, लावताना गुडघ्याएवढीच होती. बघा ना." चूक माझी, आणि खाली सही आपांची.

त्यांना हे सांगायची हिंमत झाली नाही. पुढचा फोन आला तेव्हा म्हणालो, "मेंदी कापायची फाईल वर पाठवलीय आपा, होईल." फाईल माझ्याच कपाटात होती. तिसऱ्यांदाही तेच सांगितलं. त्यानंतर फोन आला नाही. मला वाटलं, विसरल्या.

विसरतील कशाला? त्या घरची कात्री घेऊन तिथं जायला लागल्या होत्या. चहावाल्यानं मला नंतर सांगितलं, "आपा दर जुम्माराती यायच्या. वॉचमन हटकायचा, तर त्यालाच फांद्या उचलायला लावायच्या." त्या गुरुवारी अर्धं कुंपण कापून झालं होतं. न कापलेल्या अर्ध्यामागून गाडी बाहेर आली. चालवणाऱ्याला आपा दिसल्याच नाहीत.

ऑफिसात फोन आला तेव्हा मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, आपांना काय होतंय! मग समोरच्यानं पुन्हा नाव सांगितलं, आणि दफन कधी आहे तेही.

चौथ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. मुलानं स्वतः चहा आणला. म्हणाला, "अम्मी शेवटपर्यंत तुमचंच सांगत होती. म्हणायची, शेळीवाल्यानं फाईल पाठवलीय, त्याचं काही चालत नसेल बिचाऱ्याचं." हे ऐकलं आणि माझ्यानं राहवेना. मी त्याला सगळं सांगितलं. तो राहिलेला शब्द, तो फोटो, कपाटातली फाईल, दोन वेळा बोललेलं खोटं.

त्यानं कपबशी खाली ठेवली आणि आत निघून गेला. चहावर साय धरली. शेवटी त्याची बायको दाराशी आली. ती रडत नव्हती, रागावलीही नव्हती.

"भैया," ती म्हणाली, "अब आप जाओ."