मानसरळकाकांचे वाया गेलेले फोटो

फोटो स्टुडिओच्या मालकाचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नसे. ओळखपत्राचा फोटो असो की लग्नाचा, कॅमेऱ्यामागून पहिला हुकूम यायचा, "मान सरळ." चाळीस वर्षं हे एकच पालुपद ऐकून लोकांनी त्यांचे मानसरळकाका करून टाकले. एकदा म्हणे त्यांनी दारात उभ्या पोस्टमनलाही मान सरळ करायला लावली होती, आणि त्या बिचाऱ्यानं केलीही.

असा हा माणूस साठीला आला आणि जिना उतरताना चाचपडू लागला. एका पायरीच्या दोन पायऱ्या दिसत, एकावर एक, त्यातली एक जराशी तिरकी. हे खरं तर आधीच कळायला हवं होतं. पण काकांचा उभा जन्म एक डोळा मिटून कॅमेऱ्यातून बघण्यात गेलेला, आणि एका डोळ्याला एकच दिसतं. मागे पडदा असलेला नवा कॅमेरा आला, दोन्ही डोळे उघडे ठेवायची पाळी आली, तेव्हा एका गिऱ्हाइकाला दोन डोकी फुटलेली दिसली. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून त्यांनी चार महिने ढकलले. शेवटी काकूंनी त्यांना हाताला धरून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तिरळेपणाच्या खोलीत पाठवलं. चिंचोळी खोली, एक खुर्ची, आणि छोट्या पेशंटांसाठी काठीच्या टोकाला लावलेलं रबरी बदक. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, बदकाकडे बघा. मान अजिबात हलवायची नाही." हे त्यांनी कुणाला सांगावं!

बदक वर गेलं, खाली आलं, दोन्हीकडच्या कोपऱ्यांत जाऊन आलं. मग बाईंनी एकेक डोळा झाकून पाहिला, त्रिकोणी काचा डोळ्यापुढे धरून मापं घेतली. शेवटी काकांचं डोकं दोन्ही हातांत धरून उजव्या खांद्याकडे कलवलं, तशी दोन बदकं लांब पळाली. डावीकडे कलवल्यावर जवळ येऊन एक झाली.

"डोळा हलवायला सहा स्नायू असतात," बाईंनी समजावलं. "त्यातला एक नाकाजवळच्या कडीतून, विहिरीची दोरी कप्पीवरून येते तसा वळून येतो. तुमच्या उजव्या डोळ्याचा तोच अशक्त आहे. म्हणून तो डोळा वर सरकतो."

"कशामुळे?" काकूंनी विचारलं.

"जन्मापासून असेल तर घाबरायचं काही नाही. अशी मुलं लहानपणापासून मान डावीकडे कलती ठेवून भागवतात, मग उतारवयात झेपेनासं होतं. पण आत्ताच झालं असेल, तर डोक्यात काही वाढतंय का ते बघावं लागेल. मापांवरून मला जुनं वाटतंय, पण डॉक्टर पुरावा मागतील. लहानपणचे फोटो आहेत?"

काकू हसल्याच. "अहो, स्टुडिओ यांच्या वडिलांचा. फोटोंना काय तोटा!"

घरी चार अल्बम उघडले. पाळण्यापासून लग्नापर्यंत प्रत्येक फोटोत मान ताठ, खांबासारखी. वडिलांनी पोराचा वाकड्या मानेचा एकही फोटो अल्बममध्ये लावला नव्हता. डोक्यात काही वाढतंय, हे शब्द काकांच्या मनातून हलेनात. काकू अल्बमची पानं पुन्हा पुन्हा उलटत राहिल्या.

काकांनी मोठ्या बहिणीला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "चांगले फोटो कशाला बघतोस? मी बिघडवलेले बघ ना. बाबा तुला नीट बसवायला जायचे आणि बटण दाबायला मला ठेवायचे. मी घाई करायचे. बाबांनी फिल्म कधी फेकल्यात का?"

माळ्यावर पत्र्याचा डबा निघाला. वडिलांच्या अक्षरात त्यावर लिहिलं होतं, 'वाया'.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बाईंनी डब्यातल्या फिल्मची एक पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "काका, मान कलती आहे खरी. पण उजवीकडे. हे जुळत नाही."

काकूंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. काका खाली मान घालून बसले, आणि मग चाळीस वर्षांची सवय उफाळून आली. त्यांनी पट्टीच्या कडेचे आकडे पाहिले. आकडे आरशात दिसावेत तसे उलटे होते.

"बाई, फिल्म उलटी धरलीत. चकचकीत बाजू तुमच्याकडे हवी."

बाईंनी पट्टी फिरवली. सहा चौकटी, सहाही चौकटींत चार वर्षांचं पोर डाव्या खांद्यावर मान टाकून बसलेलं. आणि प्रत्येक चौकटीत कडेनं आत आलेला एक मोठा हात, हनुवटीकडे निघालेला.

"जन्मापासूनचंच," बाई म्हणाल्या, आणि पट्टी घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनाही ते पटलं. चष्म्यात तशीच त्रिकोणी काच बसवून देऊ म्हणाले, बाकी काही नको. काकूंचा जीव भांड्यात पडला. काका बाईंना म्हणाले, "तुम्ही फोटो मागितले नसते तर आम्ही घाबरूनच मेलो असतो. तुमचे उपकार विसरणार नाही."

दवाखान्याच्या पायरीवर बसून त्यांनी बहिणीला फोन लावला. "ताई, तुझ्या घाईनं मला वाचवलं बघ."

"त्या प्रत्येक फोटोसाठी मी बाबांची बोलणी खाल्लीत," ती म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. "आता तेवढं त्यांना कोण सांगणार?"

तिच्याबरोबर काकाही रडू लागले.