पांढऱ्या साडीवरचा डाग

तुमच्या घरात कुणाला शौचावाटे रक्त पडतं, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मला माझ्या घरातलं ठाऊक नव्हतं. वडिलांसोबत मुकुंदवाडीच्या गल्ल्यांमधून चळवळीची पत्रकं वाटत मी मोठी झाले. ते वारल्यावरही मी वाटत राहिले. बोलायला कुणाला घाबरले नाही. पण माझ्या मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा असल्याचं निदान झालं आणि डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला, तेव्हा माझ्याआधी आईनंच नकाराची मान हलवली. धाकट्या बहिणीची सोयरीक ठरत होती. तीही पोट धरून बसायची, वाळत चालली होती आणि आई तिला मूळव्याधीचं चूर्ण देत होती. तिचं लग्न होईपर्यंत मी गप्प राहायचं, असं घरात ठरलं.

बुद्धपौर्णिमेला आम्ही सगळे पांढरे कपडे घालून विहारात जातो. त्या दिवसांत माझा त्रास वाढला होता. आई म्हणाली, रंगीत नेस आणि मागं बस. मी पांढरीच नेसले, पुढंच बसले. त्रिसरण सुरू असताना ओल जाणवली. उठले तर डाग सगळ्यांना दिसणार होता. ओठ बुद्धाला शरण जाते म्हणत होते आणि मनात संताप होता, अजून किती वाकायचं?

तेवढ्यात कुणीतरी माझ्या कमरेला पांढरी ओढणी गुंडाळली. एक अनोळखी बाई होती. कानाशी म्हणाली, "ऊठ, मी मागून चालते. सकाळपासून तुला सारखी संडासला पळताना बघतीय. आतड्याचं हे दुखणं मलाबी हाय, माझ्या भावालाबी. रक्ताच्या नात्यात असतं हे. लपवू नको बाई."

मागं बसलेल्या आत्यानं ते ऐकलं. मी नळावर साडी धूत होते, तिथं ती आली. "मलाबी हाय, लई वर्सं झाली. तुझ्या बापालाबी होतं. जगाला पत्रकं वाटली त्यानं, पण हे नाय सांगितलं."

डाग पुरता निघाला नव्हता. तशीच आत गेले आणि आईला, धाकटीला सगळं सांगितलं. दुर्बिणीच्या तपासणीत धाकटीचंही तेच निघालं, औषध वेळेवर सुरू झालं. तिच्या होकारानं मुलाकडच्या पाहुण्यांनाही कळवलं. ते पुन्हा आले नाहीत. धाकटी म्हणाली, "जाऊ दे, चूर्ण तरी सुटलं."

ती बाई मला पुन्हा भेटली नाही. ओढणी धुऊन ठेवली आहे, दर पौर्णिमेला सोबत नेते. कधी कुणाला लागली तर असावी. शरण जायचं म्हणजे वाकायचं, असं आता वाटत नाही. लपवणं सोडलं त्या दिवशी मी पहिल्यांदा शरण गेले, आणि ताठ उभी राहिले.

आपल्या आईबापाला, भावंडांना हा आजार असला म्हणजे आपल्याला होईलच असं नाही, पण धोका वाढतो. म्हणून आजच घरी विचारा. कुणी नकाराची मान हलवली, तर तिथं थांबू नका. आत्याला विचारा, मावशीला विचारा, आणि कळेल ते डॉक्टरांना सांगा.